उल्हासच्या काठचा आपला तालुका

मुंब्रा, कुर्ला, गोवंडी, भिवंडी इथली कितीतरी कुटुंबे गेल्या वीस वर्षांत अंबरनाथ-बदलापूरकडे आली. मुंबईत खोली परवडत नाही, मुले मोठी होतात, वडीलधाऱ्यांना हवा लागते, आणि कल्याणच्या पुढे दोन खोल्यांचे घर अजून आवाक्यात असते. घर घेताना आपण सारे काही विचारतो. स्टेशन किती मिनिटांवर आहे? मशीद जवळ आहे का? शाळा कोणत्या माध्यमाची? कर्ज कोणती बँक देते? एक प्रश्न मात्र सहसा राहून जातो. आपण ज्या गावात राहायला चाललो आहोत ते गाव नेमके आहे कसले? त्याचे पाणी कुठून येते, आणि पावसाळ्यात ते पाणी कुठवर चढते?

आमच्या वर्गात मी हा प्रश्न मुलांना विचारते, तेव्हा उत्तर ठरलेले असते : ‘टाकीतून.’ टाकीत कुठून येते, यावर वर्ग शांत होतो. मुलांचे यात काही चुकत नाही. भूगोलाच्या पुस्तकात गंगा आहे, गोदावरी आहे, नाईलसुद्धा आहे. पण दाराशी वाहणारी उल्हास आणि वालधुनी यांची ओळख घरात आणि मोहल्ल्यातच व्हायला हवी. या लेखात तेच करायचे आहे.

तालुका कुठे सुरू होतो, कुठे संपतो

ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले : ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड. अंबरनाथ तालुक्यात दोन नगरपरिषदा आहेत, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर. त्यांच्याभोवती वांगणीसारखी वाढती गावे, भातशेतीची खेडी आणि डोंगराच्या कुशीतले ठाकूर-कातकरींचे पाडे आहेत. दक्षिणेला माथेरानची रांग दिसते, त्याच रांगेत चंदेरीचा सुळका आहे. पश्चिमेला मलंगगड. मधल्या सपाट पट्ट्यातून रेल्वे जाते आणि तिच्या सोबतीने नदी.

२०११ च्या जनगणनेत अंबरनाथ शहराची लोकसंख्या २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. त्याआधी दहा वर्षांपूर्वी बदलापूर एक लाखाच्याही आत होते. नंतरची जनगणना लांबली, त्यामुळे आजचा नेमका आकडा कागदावर नाही. सकाळी सातची बदलापूर लोकल पकडणाऱ्याला मात्र तो आकडा अंगावर कळतो.

एक गंमत अशी की तालुका एक असला तरी त्याचे खासदार दोन आहेत. अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असून तो कल्याण लोकसभेत येतो. बदलापूर मात्र मुरबाड विधानसभेत आणि भिवंडी लोकसभेत मोडते. तक्रार घेऊन कोणाकडे जायचे, हे नव्याने आलेल्या कुटुंबाने आधी समजून घेतलेले बरे.

दोन नद्या, दोन स्वभाव

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करत ती कल्याणला पोहोचते. तिथे तिची खाडी होते. पुढे एक वाट वसईच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते, तर दुसरी ठाण्याच्या खाडीकडे वळते. पेज, बारवी, काळू या तिच्या उपनद्या. भातसा आधी काळूला मिळते आणि मग तिच्यासोबत उल्हासला.

कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात. उल्हास मे महिन्यातही वाहते, आणि त्याला कारण आहे. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. त्याचे पाणी सह्याद्रीवरून खाली सोडून भिवपुरी येथे टाटांचे वीजकेंद्र चालते. हे केंद्र १९२२ पासून सुरू आहे. वीज तयार झाल्यावर ते पाणी पेज नदीतून उल्हासमध्ये येते. म्हणजे मुळात पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी शंभर वर्षांपासून पश्चिमेकडे आपल्या नळाला येत आहे. मुंबईचे दिवे लागावेत म्हणून बांधलेल्या धरणाने आपली तहान भागवली, असेही म्हणता येईल.

दुसरा मोठा आधार बारवी धरणाचा. बदलापूरच्या पुढे बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, हे धरण १९७२ मध्ये बांधले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली आणि वाढीव उंचीपर्यंत ते २०१९ च्या पावसाळ्यात प्रथम भरले. धरणातले पाणी बारवी नदीतून उल्हासमध्ये येते, आपटी येथील बंधाऱ्याजवळ उचलले जाते आणि जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते. तिथून ते कारखान्यांना आणि ठाण्यापर्यंतच्या शहरांना जाते. बदलापूर आणि अंबरनाथच्या बऱ्याच भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूरच्या बॅरेजवरून पाणी देते. अंबरनाथला चिखलोली धरणाचीही जोड आहे.

धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या काही गावांची आणि पाड्यांची जमीन व घरे पाण्याखाली गेली. मोबदला आणि नोकरी यासाठी त्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आपण नळ सोडतो तेव्हा त्या पाण्यात कोणाचे तरी अंगण बुडालेले असते, एवढे तरी लक्षात ठेवावे.

वालधुनी ही धाकटी नदी. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरात तिचा उगम आहे. तिथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधलेला तलाव आहे, म्हणून जुनी माणसे त्याला अजून ‘जीआयपी टँक’ म्हणतात. ही नदी शिवमंदिराशेजारून अंबरनाथ शहरात शिरते आणि उल्हासनगर, विठ्ठलवाडीवरून कल्याणला उल्हासच्या खाडीत मिळते. सारी मिळून तीसएक किलोमीटरची वाट. त्यातला बहुतेक भाग वस्तीतून जातो. तिच्या काठावर राहणाऱ्या पुष्कळ लोकांना ती नदी आहे हेच ठाऊक नाही. ते तिला ‘नाला’ म्हणतात.

शके ९८२

याच ‘नाल्या’च्या काठी महाराष्ट्रातले एक अत्यंत जुने आणि देखणे देऊळ उभे आहे. अंबरनाथचे शिवमंदिर काळ्या दगडात, भूमिज शैलीत बांधलेले आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे वर्ष आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. बांधकामाची सुरुवात त्याचा भाऊ छित्तराज याच्या काळात झाली असे अभ्यासक मानतात. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहायला देशभरातून विद्यार्थी येतात. ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते.

ज्यांच्या काळात हे देऊळ बांधले गेले, त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांचा आपल्या इतिहासाशीही संबंध आहे. बगदादचा प्रसिद्ध प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला, त्याच्या भाषेत ‘सैमूर’ला, आला होता. त्या वेळी तिथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे मसूदीने लिहिले आहे. त्यांतले काही बाहेरून आलेले, काही इथेच जन्मलेले होते. राजाने त्यांच्यातल्याच एका प्रतिष्ठित माणसाकडे त्यांचे तंटे सोडवण्याचे काम दिले होते. म्हणजे अंबरनाथचे देऊळ बांधले जाण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून मुसलमान व्यापारी आणि त्यांची मुलेबाळे याच राजघराण्याच्या छत्राखाली कोकणात नांदत होती. मुलांना हा इतिहास सांगितला की त्यांना ते देऊळ परके वाटत नाही. आपल्याच मुलखाच्या जुन्या दिवसांची ती खूण वाटते.

आगगाडी आली, आगपेटी आली

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५६ मध्ये कल्याणहून घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पळसदरीपर्यंत. अंबरनाथ, बदलापूर आणि नेरळ याच मार्गावर आले. १८६३ मध्ये बोरघाट पार झाला आणि मुंबई-पुणे रस्ता लोखंडाचा झाला.

रेल्वे, नदीचे पाणी आणि स्वस्त जमीन, या तिघांनी कारखाने ओढून आणले. धरमसी मोरारजी केमिकल ही १९१९ मध्ये स्थापन झालेली कंपनी गंधकाम्ल आणि खते बनवू लागली, तेव्हा देशात असे कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. मग आगपेट्या बनवणारी विम्को आली. हा स्वीडिश उद्योग. कारखाना केव्हाच थांबला, पण पश्चिमेला रिक्षावाल्याला आजही ‘विम्को नाका’ सांगितले की पुरते. स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९५३ मध्ये स्थापन झालेली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांनी अंबरनाथला देशाच्या संरक्षण नकाशावर आणले. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि अंबरनाथ, मग बदलापूर, मग आनंदनगर अशा औद्योगिक वसाहती वाढत गेल्या.

कारखान्यांबरोबर माणसे आली. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, तमिळनाडू-केरळमधून, हैदराबादकडून. ऑर्डनन्सच्या वसाहतीत एका जिन्यावर चार भाषा ऐकू यायच्या. पश्चिमेला कोहोजगाव, बुवापाडा अशा वस्त्यांत उर्दू, मराठी, आगरी, भोजपुरी आजही एकत्र नांदतात. इथल्या मुलांच्या बोलण्यात ‘काय रे’ आणि ‘अमा यार’ एकाच वाक्यात येतात. भाषा शिकवणाऱ्याला हे ऐकताना कधी कपाळावर आठी येते, पण जास्त वेळा हसू येते.

नदीच्या नावाचे शहर

तालुक्याच्या सीमेला लागून असलेले उल्हासनगर वेगळा तालुका असले, तरी त्याच्याशिवाय ही ओळख पुरी होत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या हजारो कुटुंबांना त्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. घर, जमीन, गाव सारे गमावून आलेल्या माणसांच्या शहराला उल्हास, म्हणजे आनंद, या नावाची नदी मिळाली. ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ ही नावे आजही त्या छावणीची आठवण देतात.

सिंधी भाषेची लिपी अरबी वळणाची आहे. आपल्या उर्दू वाचणाऱ्या मुलांना उल्हासनगरमधली जुनी सिंधी पाटी दिसली, तर ती बरीचशी वाचता येते. फाळणीने इकडची माणसे तिकडे आणि तिकडची इकडे केली. घर सुटण्याचे दुःख मात्र दोन्हीकडे सारखेच होते. मुलांना हे सांगण्यासाठी उल्हासनगरइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

मलंगगड

तालुक्यात कुठेही उभे राहिले तरी एक डोंगर दिसतोच. परंपरेनुसार येमेनहून आलेले सूफी हाजी अब्दुल रहमान मलंग यांची दर्गा या डोंगरावर आहे. त्याहून उंच कड्यावर मलंगगड हा किल्ला. १७८० मध्ये इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी इथे वेढा घातला होता. त्यानंतर कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याने दर्ग्याची सेवा अंगावर घेतली आणि पिढ्यानपिढ्या व्यवस्थापनात राहिले. पुढे १८१७ च्या सुमारास ब्राह्मणाने दर्ग्याचा कारभार पाहावा का, असा वाद झाला. तेव्हा चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि तिन्ही वेळा चिठ्ठी केतकरांच्याच बाजूने निघाली, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे.

माघ पौर्णिमेला इथे दोन्ही समाजांचे लोक मोठ्या संख्येने चढतात. गेल्या काही दशकांत या जागेवरून दावे-प्रतिदावे होत आले आहेत. हे स्थान नाथपंथी समाधी असल्याचे काही जण सांगतात. त्यातला कायद्याचा भाग न्यायालयाने ठरवायचा. पण वाटेवर पाणी, फुले, भजी विकणारी, थकलेल्या म्हाताऱ्याला हात देणारी माणसे कोणत्या धर्माची आहेत हे चढणारा सहसा विचारत नाही. तालुक्याची खरी शिकवण त्या वाटेवर आहे.

बदलापूर : बदलाचे गाव

बदलापूर नावाची एक गोष्ट सांगितली जाते. गुजरात-कल्याणकडून घाटावर जाणारे स्वार इथे थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून बदलापूर. गोष्ट खरी असो वा लोकांनी जोडलेली, ‘बदल’ हा शब्द मात्र अरबीतून उर्दूत आणि मराठीत आला आहे. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा तो बोलतो आणि परका मानत नाही. जुने बदलापूर गाव रुळांच्या पश्चिमेला, कुळगाव पूर्वेला. म्हणून नगरपरिषदेचे नाव दोन्ही गावांचे मिळून आहे.

सुधारणेच्या इतिहासातही या गावाचे नाव आहे. १९२७ साली इथल्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला. ते वातावरण आठवले की या निमंत्रणाचे मोल कळते.

बदलापूरचे जांभूळ प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे त्या नावावर आता या मातीचा हक्क आहे. पण मानांकन मिळेपर्यंत कितीतरी जांभळीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. उरलेली झाडे राखली, तरच ते नाव टिकेल.

पुस्तकांवर प्रेम करणाऱ्यांनी बदलापूरला एकदा तरी ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जावे. श्याम जोशी या शिक्षकाने उभे केलेले हे वाचनालय दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी ओळखले जाते. एका शिक्षकाच्या जिद्दीतून काय उभे राहते, हे पाहण्यासाठी तरी मुलांना तिथे न्यावे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचे नाव देशभर गेले ते फार दुःखद कारणाने. एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराविरुद्ध हजारो लोक दिवसभर रुळांवर बसले. त्यानंतर प्रत्येक शाळेत आणि घरात मुलांच्या सुरक्षिततेची चर्चा सुरू झाली. ती चर्चा थंड होऊ देऊ नये. शाळेत कोण येते-जाते, मुलांजवळ कोण असते, हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे. तसे विचारणाऱ्या पालकाचा शिक्षकांनी राग मानू नये.

वांगणीची माणसे

बदलापूरच्या पुढचे स्टेशन वांगणी. फुलझाडांच्या रोपवाटिका आणि तारे पाहायला येणारी मुंबईची मंडळी, ही त्याची एक ओळख. दुसरी ओळख दृष्टिहीन कुटुंबांची. लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून संसार चालवणारी अनेक अंध जोडपी स्वस्त भाड्यामुळे इथे राहतात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्टेशनवर अशाच एका दृष्टिहीन आईचे मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले, मुलाला फलाटावर चढवले आणि स्वतः काही क्षणांच्या अंतराने वाचले. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी त्या मुलाच्या शिक्षणासाठी दिला, हे मात्र कमी लोकांच्या लक्षात आहे.

नदी घरात येते तेव्हा

२६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरणार नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईची आठवण सारे काढतात, पण उल्हासच्या काठची बदलापूर, कल्याणपर्यंतची वस्तीही तेव्हा पाण्याखाली गेली होती.

चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे एक हजार प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती महिला. चारी बाजूंना पाणी, आत अंधार. सकाळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि हवाई दलाची पथके बोटी व हेलिकॉप्टर घेऊन आली. चामटोली आणि आसपासच्या गावकऱ्यांनीही हात दिला. दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले.

गाडी जिथे अडकली तिथे रूळ बदललेले नव्हते, नदीही तीच होती. बदलली होती ती काठची जमीन. पुराचे पाणी पसरून शांत व्हायला जी शेते असत, तिथे भराव पडले आणि इमारती उभ्या राहिल्या. पाण्याला जागा लागतेच. ती आपण दिली नाही, तर ते स्वतः घेते.

नदी आजारी पडते तेव्हा

कारखान्यांनी या भागाला रोजगार दिला आणि नदीला आजारही. रसायनांचे सांडपाणी, जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे पाणी आणि शहरांचा मैला वर्षानुवर्षे वालधुनीत आणि पुढे उल्हासमध्ये जात राहिला. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगर भागात वालधुनीत कोणीतरी चोरून टँकरभर रसायन ओतले. रात्री वायू पसरला आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना उलट्या, घुसमट होऊन रुग्णालयात जावे लागले. ज्यांना पक्के घर मिळाले नाही, ती माणसे नदीच्या सर्वांत जवळ राहतात. म्हणून विषही आधी त्यांच्याच दारी पोहोचते.

‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये प्रदूषणास जबाबदार असलेल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि पालिकांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरण्यास सांगितले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. नंतरच्या काळात उल्हासनगरमधले जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. नदीला श्वास मिळाला आणि हजारो कामगारांची रोजी गेली. सुरुवातीपासून सांडपाण्यावर प्रक्रिया केली असती, तर दोन्ही वाचले असते.

दर उन्हाळ्यात कल्याणजवळ मोहने भागात उल्हास हिरवीगार दिसते. दुरून छान वाटते. ती जलपर्णी असते. मैलापाण्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खत. ती पसरली की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. याच भागातून शहरांसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘नाल्यात काय टाकले’ हा प्रश्न थेट आपल्या हंड्यापर्यंत येतो.

नदी सुधारते का? सुधारते. लंडनची थेम्स १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी मृत ठरवली होती. मैलाशुद्धीकरणावर पैसा खर्च झाला, कायदे कडक झाले, आणि आज त्या नदीत मासे आहेत, सील आहेत. काही दशके लागली, पण नदी परतली. उल्हास तर अजून मेलेलीही नाही. बदलापूरच्या वर, वांगणी-नेरळकडे तिचे पाणी आजही पाहण्यासारखे आहे.

इथे राहणाऱ्यांसाठी आणि येणाऱ्यांसाठी

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन होत आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि बदलापूरजवळून जाणारा वडोदरा-मुंबई महामार्ग यांची कामे सुरू आहेत. घरांचे भाव आणि जाहिराती दोन्ही वाढणार. म्हणून काही गोष्टी पाहूनच बयाणा द्यावा.

पहिली, पूररेषा. जलसंपदा विभागाच्या नकाशात दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जागा बांधकामासाठी निषिद्ध असते. आपली इमारत कुठे येते, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारावे. शिवाय शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारावे की २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठवर आले होते. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

दुसरी, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि नगरपरिषदेची परवानगी. डोंगरउतारावर आणि नदीकाठी कागदाशिवाय उभ्या राहिलेल्या इमारतीत गरीब माणसाचीच आयुष्यभराची कमाई बुडते.

तिसरी, पाणी. नळ जोडणी जीवन प्राधिकरणाची आहे की टँकरवर भागवायचे आहे? ‘लवकरच मिळेल’ या उत्तरावर घर घेऊ नये.

चौथी, सांडपाणी. इमारतीचे सांडपाणी कुठे जाते हे विचारणारा ग्राहक अजून विरळा. सोसायटीच्या सभेत हा प्रश्न महिलांनी काढावा, कारण घाणीचा आणि डासांचा त्रास त्यांच्याच वाट्याला जास्त येतो.

शाळांनीही थोडे करावे. वर्षातून एक सहल काकोळ्याच्या तलावावर, एक शिवमंदिरावर आणि एक जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रावर परवानगी काढून नेता येते. खर्च फार नाही. वालधुनी उगमाजवळ कशी दिसते आणि विठ्ठलवाडीला कशी, हे एकाच दिवशी पाहिलेल्या मुलाला प्रदूषणावरचा निबंध पाठ करावा लागत नाही.

वाहत्या नदीच्या काठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण आपल्याला आहे. नदी भरलेली असताना काटकसर कशाला, असा प्रश्न तिथे पडत नाही, कारण नदी एकट्याची नसते. काठच्या वरच्या माणसाने जे सोडले, ते खालच्याच्या घागरीत येते. बदलापूरचे अंबरनाथला, अंबरनाथचे उल्हासनगरला, उल्हासनगरचे कल्याणला. या तालुक्यात कोणी कोणती भाषा बोलतो, कोणत्या दिशेला तोंड करून प्रार्थना करतो, हे वेगळे असू शकते. पाणी मात्र सगळ्यांचे एकाच नदीचे आहे.